दगडाखालचा निनावी

१९७६ साली न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले नॉर्मन प्लॅटनिक यांनी भारतातल्या एका लहानशा कोळ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. प्लॅटनिक तेव्हा जेमतेम पंचविशीतले. या कोळ्याला त्यांनी नाव दिलं ‘आयलिका टिकादरी’. हे टिकादर म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतले बी. के. टिकादर. पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्रात त्यांनी कोळ्यांवर बरंच काम केलं आणि पुढे ते या संस्थेचे संचालक झाले. १९७७ मध्ये टिकादर आणि यू. ए. गजबे यांनी त्याच वंशातल्या आणखी एका भारतीय कोळ्याचं वर्णन केलं. त्याचं नाव ‘आयलिका प्लॅटनिकी’. आहेराची परतफेड वर्षभरात झाली होती.

ज्या कोळ्यांच्या बारशात हा आहेर झाला, ते जमिनीवरच्या कोळ्यांच्या कुलातले. शास्त्रीय भाषेत हे नॅफोसिडी कुल. जगभरात त्यात दोन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे, तरी घरातली कोळिष्टकं झाडणाऱ्या माणसाला हे कोळी माहीत असण्याचं कारण नाही. ते भक्ष्यासाठी जाळं विणतच नाहीत. दिवसभर दगडाखाली, पाचोळ्यात किंवा झाडाच्या सुटलेल्या सालीमागे रेशमाची पिशवी करून पडून राहायचं आणि अंधार पडला की पायी शिकारीला निघायचं, हा त्यांच्यातल्या बहुतेकांचा दिनक्रम. रंग मातीचा, राखाडी किंवा काळा. अंगावर नक्षी असलीच तर बेताची. बहुतेकांची लांबी काही मिलिमीटर ते दीड सेंटिमीटर. माळावरचा दगड उचलला की क्षणभर काहीतरी सरसरत जातं आणि गवताच्या बुंध्यात नाहीसं होतं. पाहणारा म्हणतो, कोळी होता. कुठला होता, हे सांगायला मात्र महिने लागू शकतात, कधी वर्षंही.

पोटामागच्या दोन नळ्या

हा कोळी कुठल्या कुलातला, एवढं ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. भिंगाखाली त्याचं पोट मागच्या बाजूने पाहायचं. सूत सोडणाऱ्या नळ्यांपैकी पुढची जोडी जमिनीवरच्या कोळ्यांत लांबट, नळकांडीसारखी असते आणि त्या दोन नळ्यांमध्ये स्पष्ट अंतर असतं. इतर बहुतेक कोळ्यांत ही जोडी शंकूच्या आकाराची आणि एकमेकींना चिकटलेली दिसते. दुसरी खूण डोळ्यांची. आठ डोळे दोन ओळींत असतात. त्यांपैकी मागच्या ओळीतले मधले दोन गोल नसतात. ते चपटे, तिरके आणि चांदीच्या वर्खासारखे चमकणारे असतात.

या दोन्ही खुणांमागे काम दडलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वॉरी विद्यापीठातले जोनास वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली या नळ्यांचा उलगडा केला. कोळ्यांच्या शरीरात चिकट रेशीम तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि एरवी त्यांचा उपयोग धाग्याचं टोक भिंतीला किंवा फांदीला डकवण्यापुरता होतो. जमिनीवरच्या कोळ्यांत या ग्रंथी खूप मोठ्या झाल्या आहेत. शिकार समोर आली की हा कोळी तिच्याभोवती पळत पळत हे ओलसर, चिकट रेशीम तिच्या पायांवर आणि तोंडावर चोपडतो. आपल्याएवढ्या आकाराचे दुसरे कोळीसुद्धा तो असे जखडून टाकतो, आणि त्यांच्या विषारी दातांपासून स्वतः लांब राहतो. या सोयीची किंमतही त्याला मोजावी लागली. धागा पृष्ठभागावर नीट, पक्का डकवण्याची कला त्याच्या हातून बरीचशी गेली.

चांदीच्या डोळ्यांची गोष्ट त्याहून चमत्कारिक. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये ‘ड्रासोडेस क्युप्रिअस’ या जमिनीवरच्या कोळ्याबद्दल लिहिलं. त्याच्या मागच्या मधल्या डोळ्यांत चित्र उमटतच नाही. त्यांच्या तळाशी होडीच्या आकाराचा, परावर्तन करणारा पडदा असतो आणि दोन डोळ्यांतल्या होड्या एकमेकींशी काटकोनात बसलेल्या असतात. सूर्य मावळताना आकाशातून येणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांना एक ठरावीक दिशा असते. हे डोळे ती दिशा मोजतात आणि कोळी भटकंतीनंतर आपल्या पिशवीकडे बरोबर परततो. डोक्यावर होकायंत्र बांधून फिरण्याचाच हा प्रकार.

पण नळ्या आणि डोळे पाहून कळतं ते कुल. जात ठरवताना मात्र कस लागतो, कारण माळावरचे दोन वेगळ्या जातींचे कोळी वरून पाहिले तर कोऱ्या सुताच्या दोन रिळांइतके सारखे दिसतात.

पंचनामा

जमिनीवरचे कोळी गोळा करायची जुनी आणि आजही चालणारी युक्ती म्हणजे पुरलेला पेला. प्लास्टिकचा पेला काठापर्यंत जमिनीत बसवायचा, तळाशी थोडा परिरक्षक द्रव ओतायचा, पाऊस आणि पाला आत पडू नये म्हणून वर छोटंसं छप्पर करायचं आणि काही दिवसांनी येऊन पाहायचं. रात्री फिरणारे कोळी त्यात पडतात. यात एक गोम आहे. वयात आलेला नर मादीच्या शोधात भटकत असतो आणि मादी बहुधा आपल्या पिशवीजवळ असते. त्यामुळे पेल्यात नर जास्त सापडतात. माद्यांसाठी दगड उलटावे लागतात, पाचोळा चाळावा लागतो. ही साधी गोष्ट पुढे किती गोंधळ घालते, ते थोड्या वेळाने येईलच.

कोळी सापडला की तो अल्कोहोलच्या कुपीत जातो. कुपीत कागदाची चिठ्ठी असते आणि तिच्यावर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कुठल्या प्रकारच्या जागेत सापडला आणि कोणी पकडला याची नोंद असते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही दुर्मीळ असला, तरी संशोधकाच्या दृष्टीने त्याची किंमत फार थोडी. कोळी पूर्ण वाढलेला असणंही तितकंच गरजेचं. पिल्लू असेल तर काम तिथेच अडतं, कारण जात ओळखायच्या खुणा शेवटची कात टाकल्याशिवाय उमटतच नाहीत. म्हणून एका कातेचा अवधी उरलेला कोळी हाती आला, तर त्याला खाऊपिऊ घालून वाढवावं लागतं.

या खुणा जननांगांच्या असतात. नर कोळ्याच्या तोंडाजवळ हातांसारखे दोन अवयव असतात, त्यांना पेडिपाल्प म्हणतात. नर छोटंसं जाळं विणून त्यावर वीर्याचा थेंब टाकतो आणि तो थेंब या हातांच्या टोकाशी असलेल्या फुगीर गोळ्यात शोषून घेतो. या गोळ्यावरचे काटे, आकडे, पातळ सुईसारखं टोक आणि त्यामागच्या पेरावरचा उंचवटा यांची ठेवण प्रत्येक जातीत निराळी असते. मादीच्या पोटाखाली एक कडक पट्टिका असते. तिच्यावरचे खळगे आणि आतल्या वळणदार नळ्या तितक्याच वैशिष्ट्यपूर्ण. आतलं पाहण्यासाठी ती पट्टिका अलगद कापून काढतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या द्रावणात ठेवतात. भोवतीचे मऊ भाग विरघळतात आणि नळ्यांची गुंतागुंत काचेसारखी स्वच्छ दिसू लागते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेओं द्युफूर यांनी १८४४ साली कीटकांच्या जननांगांना कुलूप-किल्लीची उपमा दिली होती. ती उपमा जशीच्या तशी आज कोणी मानत नाही, पण कोळ्यांची जात ओळखायला ही कुलपं आणि किल्ल्याच अजूनही सर्वांत उपयोगी पडतात.

त्यानंतर पंचनामा सुरू होतो. शरीराची लांबी, शिरोवक्षाची लांबी-रुंदी, प्रत्येक डोळ्याचा व्यास, डोळ्याडोळ्यांमधलं अंतर, आठही पायांच्या प्रत्येक पेराचं माप, सगळं मिलिमीटरच्या अपूर्णांकात. कुठल्या पेरावर किती काटे, तेही लिहायचं. पाय लांबीनुसार लावून एक सूत्र मांडतात. ते ४१२३ असेल, तर चौथी जोडी सर्वांत लांब आणि तिसरी सर्वांत आखूड, असा अर्थ. ‘झेलोटेस’ या वंशाच्या गटात मागच्या पायांवर राठ केसांची एक छोटी फणी असते. ती दिसली, तर अख्ख्या कुलातले उरलेले वंश बाजूला काढता येतात. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशाच्या साधनाने कागदावर अवयवांची रेखाटनं केली जातात. आता छायाचित्रं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा असतात. तरी हाताने काढलेलं चित्र मागे पडलेलं नाही, कारण चित्र काढणारा नेमकं महत्त्वाचं तेवढंच दाखवू शकतो.

जोडीला डीएनए. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा दुकानातल्या बारकोडसारखा वापरतात. नर आणि मादी एकाच जातीचे आहेत का, हे त्यातून झटकन कळू शकतं. पण जुन्या संग्रहांतल्या कोळ्यांचा डीएनए बहुधा मोडून गेलेला असतो. नव्या कोळ्याचा बारकोड हाती आहे आणि ताडून पाहायला जुन्याचा नाही, अशी वेळ वारंवार येते.

नवा कशावरून?

इथवरचं काम कष्टाचं असलं, तरी सरळ आहे. खरी अडचण पुढच्या प्रश्नाची: हा कोळी नवा कशावरून? रानात सापडलेला कोळी नवा नसतो, तो फक्त अनोळखी असतो. त्याला नवा म्हणायचं, तर आजवर ज्यांना नाव मिळालं आहे अशा त्याच्या सगळ्या जवळच्या नातेवाइकांशी त्याला ताडून पाहावं लागतं. ती नावं गेल्या अडीचशेहून अधिक वर्षांत, अनेक देशांत, अनेक भाषांत छापली गेली आहेत.

कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात स्वीडनच्या कार्ल अलेक्झांडर क्लेर्क यांच्या १७५७ सालच्या पुस्तकापासून धरली जाते. एरवी प्राण्यांची नावं लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजायची, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यात अपवाद केला तो या एका पुस्तकासाठी. म्हणजे वाघाला त्याचं शास्त्रीय नाव मिळण्याआधीच कितीतरी कोळ्यांची बारशी उरकली होती. भारतातल्या कोळ्यांवरचा पहिला मोठा आधारग्रंथ १९०० सालचा, ब्रिटिश म्युझियममधले आर. आय. पोकॉक यांचा. जमिनीवरच्या भारतीय कोळ्यांसाठी मात्र टिकादर यांचा १९८२ चा खंड हाच अजूनही मुख्य आधार. त्यांच्या कामातून पुण्याचं नाव जगभरच्या कोळीतज्ज्ञांच्या तोंडी बसलं. ‘नॅफोसा पूनाएन्सिस’, ‘स्कोटोफेअस पूनाएन्सिस’, ‘सोस्टिकस पूनाएन्सिस’ ही नावं त्याची साक्ष. ‘एन्सिस’ म्हणजे ‘तिथला’. आपल्या ‘पुणेकर’ला लॅटिनमध्ये इतका नेमका प्रतिशब्द मिळाला आहे.

जुन्या वर्णनांपैकी कित्येक जातींचा फक्त नर किंवा फक्त मादीच ठाऊक आहे. पुरलेल्या पेल्याची गोम इथे नडते. एकाने एका जातीचा नर वर्णिला. पन्नास वर्षांनी दुसऱ्याला शेजारच्या तालुक्यात मादी सापडली. ती त्याच नराची जोडीदारीण, की वेगळी जात? दोघं एकाच दगडाखाली, एकाच पिशवीत सापडले तर प्रश्न मिटतो. तसं नसेल, तर वडाची साल पिंपळाला लागायची भीती असते. अशा चुका मोठमोठ्यांनीही केल्या आहेत. खुद्द लिनियसने एका बदकाच्या नराला आणि मादीला दोन वेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती.

चुकीची दुसरी तऱ्हा प्रवासी कोळ्यांची. ‘युरोझेलोटेस रस्टिकस’ हा जमिनीवरचा कोळी माणसाच्या सामानाबरोबर जगभर पसरला. अनेक देशांत तो हाती लागला, तेव्हा स्थानिक आणि नवा समजला गेला आणि त्याला नवं नाव मिळालं. १९८४ मध्ये प्लॅटनिक आणि जॉन मर्फी यांनी या गटाची पुन्हा तपासणी केली. अशा तपासणीत जुन्या बाटल्या एकमेकींशेजारी ठेवून पाहतात, आणि मग कितीतरी ‘नव्या’ जाती एकाच जुन्या नावाखाली गोळा होतात. सर्वांत आधीचं नाव टिकतं, बाकीची नावं त्याचीच दुसरी रूपं म्हणून यादीत राहतात.

या सगळ्या पडताळणीला वेळ किती लागतो? फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गइतिहास संग्रहालयातल्या संशोधकांनी २०१२ साली सगळ्या प्रकारच्या सजीवांसाठी याचा हिशेब केला. नमुना पहिल्यांदा गोळा झाल्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी जवळजवळ २१ वर्षं जातात. अनेक ‘नव्या’ जाती या घटकेला संग्रहालयाच्या कपाटात आहेत. नावाच्या प्रतीक्षेत त्यांची चिठ्ठी पिवळी पडत चालली आहे.

नावाचा सातबारा

पडताळणी झाली, कोळी खरोखर नवा ठरला, की बारसं. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव नंतर. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द निवडायला बरीच मोकळीक असते: रंग, आकार, गाव, डोंगर, माणूस, काहीही चालतं. पुरुषाच्या नावावरून ठेवायचं तर शेवटी ‘ई’ लागते, स्त्रीच्या नावाला ‘ए’. स्वतःचंच नाव द्यायचं नाही, हा मात्र संकेत आहे.

महाराष्ट्रातलं अलीकडचं गाजलेलं बारसं जमिनीवरच्या कोळ्याचं नव्हे, उडी मारणाऱ्या कोळ्याचं. ध्रुव प्रजापती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका जातीचं वर्णन केलं आणि तिला ‘आयसियस टुकारामी’ हे नाव दिलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ गोळ्या झेलत दहशतवाद्याची बंदूक न सोडणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचं हे नाव. लॅटिन लिपीतून येताना ‘तु’चा ‘टु’ झाला, पण माणूस ओळखू येतो.

नाव कागदावर छापलं, तरी ते एका देहाला बांधलेलं असतं. वर्णन करणाऱ्याला एक नमुना निवडावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. तो म्हणजे त्या नावाचा सातबारा. पुढे कधी वाद झाला, दोन जाती एकच आहेत की एकीच्या दोन होतात असा प्रश्न आला, तर निकाल या एका कोळ्याकडे पाहून लागतो. म्हणून तो संग्रहालयात जपून ठेवतात, बऱ्याच ठिकाणी लाल चिठ्ठी लावून. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी जात शोधणाऱ्याने तिची माहिती आणि नमुना ठरवून दिलेल्या संस्थेकडे देणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी एक संस्था. शेवटी लेख इतर तज्ज्ञांच्या नजरेखालून जातो, नियतकालिकात छापला जातो आणि ती जात स्वित्झर्लंडच्या बर्न इथल्या निसर्गइतिहास संग्रहालयातून चालणाऱ्या जागतिक कोळीसूचीत दाखल होते. ही सूची आंतरजालावर आणली ती प्लॅटनिक यांनीच. २०१४ पासून ती बर्नकडे आहे.

एप्रिल २०२२ मध्ये त्या सूचीत पन्नास हजारावी जात चढली. दक्षिण अमेरिकेतल्या उडी मारणाऱ्या या कोळ्याचं नाव ‘गुरियुरियस मिनुआनो’, तिथल्या मिनुआनो या आदिवासींवरून. पहिल्या पन्नास हजारांना २६५ वर्षं लागली. अजून साधारण तेवढ्याच जाती वर्णनाशिवाय राहिल्या असाव्यात आणि त्या शंभर वर्षांच्या आत उरकतील, असा सूची चालवणाऱ्यांचा अंदाज आहे. त्यांतले कितीतरी कोळी पायाजवळच्या दगडांखाली असणार.

चाकणचा कोळी

टिकादर यांच्या १९८२ च्या नावांमध्ये एक आहे ‘कॅलिलेपिस चाकणेन्सिस’, म्हणजे चाकणचा कोळी. याच वंशातली युरोपातली एक जात, ‘कॅलिलेपिस नोक्टुर्ना’, मुंग्यांची पट्टीची शिकारी आहे. ती मुंगीच्या मिशीच्या मुळाशी चावते. मग मुंगी दिशा हरपून जागच्या जागी गरगर फिरत राहते आणि विष भिनेपर्यंत कोळी बाजूला थांबतो. युरोपातल्या संशोधकांनी हे तासन् तास निरखून लिहिलं. भारतातल्या जमिनीवरच्या बहुतेक कोळ्यांबद्दल कागदावर आहे ते मापं, काटे आणि चित्रं. ते खातात काय, अंडी कधी घालतात, पावसाळ्यात जातात कुठे, हे लिहायला कुणी तितका वेळ माळावर बसलेलं नाही.

चाकण तेव्हा कांदा-बटाट्याच्या बाजाराचं आणि फिरंगोजी नरसाळ्यांच्या किल्ल्याचं गाव होतं. आज तिथे मोटारींच्या कारखान्यांचा पट्टा आहे. नियमानुसार कोळ्याचं नाव बदलत नाही. ज्या जागेवरून ते पडलं, तिथे एकही दगड जागेवर उरला नाही, तरी तो चाकणचाच राहतो. त्याची नव्याने ओळख पटवायची झाली, ताजा नमुना, डीएनए, नर-मादीची जोडी मिळवायची झाली, तर शोध चाकणच्या आसपास उरलेल्या माळापासूनच सुरू करावा लागेल.

अशा माळावर कुतूहलापोटी दगड उलटणाऱ्यांसाठी कोळीतज्ज्ञांची एक साधी विनंती असते. दगडाच्या खालच्या अंगाला कागदासारखी चपटी, पांढरी टिकली चिकटलेली दिसली, तर ती बहुधा जमिनीवरच्या कोळ्याची अंड्यांची पिशवी असते आणि मादी जवळच कुठेतरी तिची राखण करत असते. छायाचित्र काढावं, जागा आणि तारीख लिहून ठेवावी आणि दगड होता तसाच, खालची बाजू खाली करून, परत ठेवावा.